ऊर्जा नष्ट होत नाही, तर मग वाया काय जाते?

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी यंत्र किंवा रसायन शाखेच्या विद्यार्थ्यासमोर थर्मोडायनॅमिक्स येते, तेव्हा त्याचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. आधी प्रणाली, सीमा आणि परिसर यांच्या व्याख्या. मग तापमान आणि शून्यावा नियम, कार्य आणि उष्णता, पहिला नियम, टर्बाइन-नोझल-कॉम्प्रेसरची न्यूमेरिकल्स. सेमिस्टर अर्धे सरल्यावर दुसरा नियम, त्याच्यामागून एन्ट्रॉपी, आणि वेळ उरलाच तर उपलब्ध ऊर्जा. पी. के. नाग यांचे भारतभर वापरले जाणारे पुस्तक घ्या किंवा चेंगेल आणि बोल्स यांचे अमेरिकी पुस्तक घ्या, मांडणी थोड्याफार फरकाने अशीच आहे. या क्रमाने शिकलेल्या विद्यार्थ्याला ऊर्जेचा ताळेबंद चांगला जमतो. पण ऊर्जा कधीच नष्ट होत नसेल तर ती वाचवायची कशासाठी, असे त्याला विचारले की तो अडखळतो. हा प्रश्न बाळबोध वाटला तरी साऱ्या विषयाचा गाभा त्यातच आहे. थर्मोडायनॅमिक्सच्या मूलभूत संकल्पनांचा आढावा घेताना मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. प्रणाली, अवस्था, तापमान, उष्णता, रिव्हर्सिबल प्रक्रिया, यांतल्या प्रत्येक संकल्पनेला अर्थ येतो तो बदलांची दिशा आणि कार्याची मर्यादा ठरवणाऱ्या दुसऱ्या नियमामुळे. तो नियम शेवटच्या प्रकरणांत ढकलला की आधीच्या व्याख्या पाठ होतात, समजत नाहीत.

या विषयाचा जन्म एका अगदी व्यावहारिक अडचणीतून झाला. १७१२ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस न्यूकमेनचे इंजिन खाणीतले पाणी उपसू लागले. जाळलेल्या कोळशातल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक टक्का, बऱ्याचदा त्याहूनही कमी, कार्याच्या रूपाने हाती येई. कारण उघड होते: प्रत्येक फेऱ्यात तोच सिलिंडर वाफेने तापवायचा आणि पाणी शिंपडून गार करायचा. ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटने १७६५ च्या सुमारास वेगळ्या कंडेन्सरची कल्पना काढली आणि १७६९ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी अप्रकट उष्णतेचा शोध लावला होता, त्यामुळे वाफेचे पाणी होताना किती उष्णता बाहेर पडते हे वॉटला समजून घेता आले. इंजिने सुधारत गेली, पण ही सुधारणा कुठे थांबणार, की थांबणारच नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. १८२४ मध्ये सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने नेमका हाच प्रश्न विचारला. वाफेऐवजी हवा किंवा अल्कोहोल वापरले तर जास्त कार्य मिळेल का? त्याचे उत्तर असे की कमाल कार्य पदार्थावर अवलंबून नसते, फक्त दोन तापमानांवर अवलंबून असते: उष्णता जिथून घेतली ते आणि जिथे सोडली ते.

कार्नोने हे लिहिले तेव्हा पहिला नियम, म्हणजे ऊर्जेची अक्षय्यता, कोणालाच ठाऊक नव्हता. उष्णता हा एक नष्ट न होणारा द्रव आहे, हे त्या काळचे मत त्याच्या पुस्तकात गृहीत धरलेले आहे. मायर आणि जूल यांचे काम १८४० नंतरचे. १८३२ मध्ये कॉलऱ्याने कार्नोचा मृत्यू झाला तेव्हा तो अवघा ३६ वर्षांचा होता. पुढे १८७८ मध्ये त्याच्या भावाने प्रसिद्ध केलेल्या टिपणांवरून दिसते की उष्णता हे गतीचेच रूप आहे, या मताकडे तोही वळला होता. क्लापेरॉनने १८३४ मध्ये कार्नोचे चक्र दाब आणि आकारमान यांच्या आलेखावर मांडले, म्हणून ते पुढच्या पिढीपर्यंत पोचले. १८५० मध्ये क्लॉसियसने आणि १८५१ मध्ये केल्विनने जूल आणि कार्नो यांचा मेळ घातला, आणि १८६५ मध्ये क्लॉसियसने एन्ट्रॉपी ही राशी नावानिशी मांडली. मर्यादेचा विचार आधी आला आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नंतर. इतिहासाचा क्रम म्हणजे शिकवण्याचा क्रम नव्हे, असा आक्षेप यावर कोणी घेईल, आणि तो बरोबर आहे. कार्नोचा उष्णताद्रव वर्गात परत आणण्याची काही गरज नाही. पण कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही विद्या उभी राहिली, हे विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला कळायला हवे. तो प्रश्न होता, ‘जास्तीत जास्त किती?’ ऊर्जा किती आहे हे मोजायला मुळात कोणी निघाले नव्हते.

आता संकल्पनांकडे वळू. प्रणाली म्हणजे विश्वाचा आपण अभ्यासासाठी वेगळा काढलेला तुकडा. ही व्याख्या एका ओळीत पाठ होते, आणि तिच्यातच सगळ्यात जास्त चुका दडलेल्या असतात, कारण सीमा निसर्गाने आखून दिलेली नसते. ती आपण आखतो, आणि आखल्यावर उत्तराचे शब्द बदलतात. गॅसवर ठेवलेल्या कुकरची शिट्टी होत नाही तोवर आतले पाणी आणि वाफ ही बंद प्रणाली आहे. शिट्टी झाली की वस्तुमान बाहेर जाऊ लागते आणि तोच कुकर खुल्या प्रणालीचे उदाहरण होतो. बाहेर जाणारी वाफ आपल्याबरोबर फक्त अंतर्गत ऊर्जा नेत नाही, स्वतःला बाहेर ढकलून देण्याचे कार्यही नेते. त्या दोघांची बेरीज म्हणजे एन्थाल्पी, आणि खुल्या प्रणालीत ती सारखी का भेटते याचे कारण एवढेच. याहून सूक्ष्म उदाहरण विजेच्या गीझरचे आहे. सीमा कॉइलच्या बाहेरून आखली तर सीमा ओलांडून आत येते ते विद्युत कार्य. तीच सीमा कॉइल आणि पाणी यांच्या मधून आखली तर पाण्यात येते ती उष्णता. यंत्र तेच, वीजबिल तेच, तरी एकाच गोष्टीला एकदा कार्य म्हणायचे आणि एकदा उष्णता. ‘गीझरमध्ये उष्णता असते का?’ असा प्रश्न तोंडी परीक्षेत आला तर अचूक उत्तर ‘नाही’ असे आहे. पाण्यात असते ती अंतर्गत ऊर्जा. उष्णता आणि कार्य ही दोन्ही सीमा ओलांडतानाची नावे आहेत, साठवून ठेवायच्या वस्तू नव्हेत.

चिन्हांचा गोंधळही इथेच मिटतो. आपल्या विद्यार्थ्यांना अकरावीत एनसीईआरटीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता अधिक कार्य असे सूत्र भेटते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात उष्णता म्हणजे अंतर्गत ऊर्जेतला बदल अधिक कार्य असे लिहिलेले असते. दोन्ही बरोबर आहेत. रसायनशास्त्रात कार्य प्रणालीवर होते, इंजिनाच्या परंपरेत ते प्रणालीकडून मिळते. ज्याने सीमा आखून बाणाची दिशा दाखवली आहे त्याला यात अडचण येत नाही. ज्याने सूत्र पाठ केले आहे तो प्रत्येक न्यूमेरिकलला धन की ऋण, असे चाचपडत राहतो.

अवस्था आणि मार्ग यांतला फरकही वरवर सोपा आहे. दाब, तापमान, आकारमान, अंतर्गत ऊर्जा हे अवस्थेचे गुणधर्म. तिथवर कसे पोचलात याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. उष्णता आणि कार्य मात्र मार्गावर अवलंबून असतात. जूलने वजने खाली सोडून पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ फूट-पौंड कार्य लागते असा आकडा आहे. आजचा आकडा ७७८ च्या जवळ आहे, म्हणजे त्याच्या हातात किती नेमकेपणा होता ते कळते. या प्रयोगाचा खरा धडा असा की कार्याने आणि उष्णतेने पाण्याची एकच अंतिम अवस्था गाठता येते, त्यामुळे नंतर पाण्याकडे पाहून ते कशाने तापले हे सांगता येत नाही. पण त्याच प्रयोगात एक दुसरी गोष्टही डोळ्यांसमोर घडत असते आणि पुस्तके तिच्याकडे लक्ष वेधत नाहीत. वजने खाली येतात आणि पाणी तापते. पाणी गार होऊन वजने वर चढली, असे कधी होत नाही. पहिल्या नियमाचा त्याला काहीच विरोध नाही, दोन्ही बाजूंचे आकडे जुळतात. म्हणजे पहिला नियम ज्या प्रयोगाने शिकवायचा त्यातच दुसरा नियम उभा असतो, आणि आपण त्याला तीन प्रकरणे थांबायला सांगतो.

तापमानाचे तर याहून स्पष्ट आहे. दोन वस्तू तिसरीशी उष्णतेच्या समतोलात असतील तर त्या एकमेकींशीही समतोलात असतात, हा शून्यावा नियम. इतर नियमांनंतर कित्येक दशकांनी त्याला हे नाव मिळाले. तो तापमान नावाची काहीतरी राशी असते एवढीच हमी देतो, तिला आकडा कसा द्यायचा हे सांगत नाही. पाऱ्याचा आणि अल्कोहोलचा थर्मामीटर शून्य आणि शंभरला जुळवून घेतले तरी मधल्या अंशांना थोडे वेगळे आकडे दाखवतात, कारण प्रत्येक पदार्थ आपल्या पद्धतीने प्रसरण पावतो. मग खरे तापमान कोणते? केल्विनने १८४८ मध्ये उत्तर शोधायला सुरुवात केली ती कार्नोच्या इंजिनापासून. त्या इंजिनाची कार्यक्षमता पदार्थावर अवलंबून नसल्यामुळे तापमानाची पट्टीही पदार्थापासून मुक्त करता येते. घेतलेली आणि सोडलेली उष्णता यांचे गुणोत्तर म्हणजेच दोन निरपेक्ष तापमानांचे गुणोत्तर. ज्या तापमानाने विषयाची सुरुवात होते त्याची मोजपट्टीच दुसऱ्या नियमावर उभी आहे. आदर्श वायूच्या समीकरणात घालतो ते केल्विनमधले तापमान कुठून आले, हे या नियमाशिवाय सांगताच येत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत पाहू. गीझरमध्ये एक किलो पाणी २५ अंश सेल्सियसपासून ६० अंशांपर्यंत तापवायचे आहे. त्याला सुमारे १४६ किलोज्यूल ऊर्जा लागते. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली तर आलेली सगळी वीज पाण्यात उतरते, म्हणून पहिल्या नियमाप्रमाणे कार्यक्षमता शंभर टक्के. एन्ट्रॉपीचा हिशोब वेगळे सांगतो. पाण्याची एन्ट्रॉपी वाढते ती विशिष्ट उष्णता गुणिले निरपेक्ष तापमानांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम, म्हणजे प्रतिकेल्विन सुमारे ०.४६ किलोज्यूल. विजेबरोबर एन्ट्रॉपी येत नाही, म्हणून ही सगळी एन्ट्रॉपी गीझरमध्येच निर्माण झाली. तिला परिसराच्या २९८ केल्विनने गुणले की गमावलेले कार्य मिळते: सुमारे १३८ किलोज्यूल. त्या ६० अंशांच्या पाण्यापासून परत कार्य काढायचे म्हटले तर अगदी आदर्श यंत्रालाही आठ किलोज्यूलच मिळतील. दुसऱ्या नियमाच्या मापाने गीझरची कार्यक्षमता साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे. ‘वाया काय जाते?’ याचे उत्तर हे. ऊर्जा सगळीच्या सगळी तिथेच आहे. गेली आहे ती तिच्यापासून कार्य मिळवण्याची शक्यता. हीट पंपाचा वॉटर हीटर तेच पाणी तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या विजेत तापवू शकतो, ही गोष्ट फक्त पहिला नियम शिकलेल्याला चमत्कारासारखी वाटते. दुसरा नियम कळलेल्याला ती अपेक्षितच असते.

एन्ट्रॉपीची व्याख्या त्यामुळे घाबरण्यासारखी उरत नाही. रिव्हर्सिबल, म्हणजे मागे काही न उरता उलट फिरवता येणाऱ्या, मार्गाने आत आलेली उष्णता भागिले ती जिथे आली तिथले निरपेक्ष तापमान, यांची बेरीज म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल. प्रणालीची एन्ट्रॉपी दोन कारणांनी बदलते. एक, सीमा ओलांडून ती उष्णतेबरोबर किंवा वस्तुमानाबरोबर येते-जाते. दुसरे, ती आतच निर्माण होते. पहिली रक्कम धन किंवा ऋण असू शकते, दुसरी कधीही ऋण नसते. एखाद्या बंदिस्त, उष्णतारोधक टाकीच्या अर्ध्या भागात २७ अंशांची एक किलो हवा आहे, अर्धा भाग निर्वात आहे, आणि मधला पडदा फुटला. उष्णता शून्य, कार्य शून्य, अंतर्गत ऊर्जेत बदल शून्य, हवा आदर्श मानली तर तापमानही तेच. ताळेबंदात काहीच घडलेले नाही. पण एन्ट्रॉपी ०.२ किलोज्यूल प्रतिकेल्विनने वाढली आहे आणि सुमारे ६० किलोज्यूल कार्याची संधी गेली आहे. एक टन वजन सहा मीटर उचलता येईल एवढे हे कार्य पडद्याऐवजी सावकाश सरकणारा पिस्टन असता आणि हवेला परिसराकडून उष्णता घेता आली असती तर मिळाले असते. ऊर्जेचे समीकरण या घटनेकडे पाहून गप्प बसते, तिथे एन्ट्रॉपीच बोलते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे मोठ्या आकाराचे उदाहरण साखर कारखान्यात सापडेल. उसाचा रस आटवायला कारखान्याला लागते ती कमी दाबाची वाफ, साधारण अडीच बारच्या आसपासची. ती बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून बॉयलरमध्ये तयार होते. जुन्या कारखान्यांत बॉयलर २१ किंवा ३२ बारचे असत, आणि जिथे टर्बाइन अपुरे पडे तिथे जास्त दाबाची वाफ पीआरव्हीतून, म्हणजे दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हमधून, सोडली जाई. असे दाब उतरवणे म्हणजे थ्रॉटलिंग, आणि त्यात एन्थाल्पी बदलत नाही. १० बारची संपृक्त वाफ व्हॉल्व्हमधून एक बारवर आणली तर आधी २७७८ किलोज्यूल प्रतिकिलो, नंतरही २७७८. पहिल्या नियमाच्या वहीत एक किलोज्यूलही हरवलेला नाही. स्टीम टेबलमध्ये एन्ट्रॉपीचा रकाना मात्र ६.५९ वरून ७.६२ वर गेलेला दिसतो, आणि परिसर ३०० केल्विनचा धरला तर दर किलो वाफेमागे ३०० किलोज्यूलहून जास्त कार्याची शक्यता त्या एका व्हॉल्व्हमध्ये संपलेली असते. आवाज, धूर, गळती, काहीही न होता.

सहवीजनिर्मितीचे सगळे अर्थशास्त्र या एका निरीक्षणावर उभे आहे. आदर्श टर्बाइन धरून ढोबळ हिशोब करू. २१ बार आणि ३४० अंशांची वाफ अडीच बारपर्यंत प्रसरण पावली तर दर किलोमागे सुमारे ४६० किलोज्यूल कार्य मिळते. ८७ बार आणि ५१५ अंशांच्या वाफेपासून त्याच शेवटच्या दाबापर्यंत सुमारे ८४० मिळते. फीडवॉटर १०५ अंशांचे धरले तर बॉयलरमध्ये द्यावी लागणारी उष्णता सुमारे २६७० वरून २९९० किलोज्यूलपर्यंत जाते, म्हणजे जवळपास १२ टक्के वाढ. कार्यातली वाढ मात्र ८० टक्क्यांहून जास्त. रस आटवायला मिळणारी उष्णता थोडीशीच घटते. प्रत्यक्ष टर्बाइन आदर्श नसते, त्यामुळे खरे आकडे कमी भरतील, पण तुलनेचा कल बदलत नाही. म्हणूनच नव्या कारखान्यांनी ६७, ८७, ११० बारचे बॉयलर बसवले आणि गळीत हंगामात साखरेबरोबर वीजही ग्रिडला विकली जाऊ लागली. ऊस तोच, बगॅस तोच. फरक एवढाच की आधी व्हॉल्व्हमध्ये आणि ज्वाळा व वाफ यांच्या तापमानांतल्या प्रचंड दरीत जी कार्यशक्यता संपत होती, तिच्यातला मोठा हिस्सा आता टर्बाइनच्या दांड्यावर येतो. जो विद्यार्थी फक्त ऊर्जेचा ताळेबंद शिकला आहे त्याला हा बदल सुचणार नाही, कारण त्याच्या वहीत जुन्या कारखान्यात काही चुकतच नव्हते.

कधीकधी पहिला नियम एकटा ठेवला तर दिशाभूलही करतो. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या संचांसारख्या औष्णिक वीजसंचाचा ऊर्जेचा हिशोब मांडला की सगळ्यात मोठा तोटा कंडेन्सरमध्ये दिसतो: कोळशातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा तिथून कूलिंग टॉवरकडे जाते. विद्यार्थी लगेच सुचवतो की ही उष्णता परत वापरावी. पण ती सुमारे ४५ अंशांची असते. परिसर ३० अंशांचा असेल तर आदर्श इंजिनालाही तिच्यातून पाच टक्क्यांपेक्षा कमी कार्य मिळेल. कार्यशक्यतेचा खरा नाश होतो तो बॉयलरमध्ये, जळण्याच्या क्रियेत आणि हजार अंशांच्या कितीतरी वरच्या ज्वाळेकडून पाच-सहाशे अंशांच्या वाफेकडे उष्णता जाताना. बॉयलरची कार्यक्षमता मात्र पहिल्या नियमाप्रमाणे ८५ टक्क्यांच्या पुढे दाखवली जाते. एक हिशोब बोट दाखवतो कंडेन्सरकडे, दुसरा बॉयलरकडे. सुधारणेचा पैसा कुठे घालायचा हे ठरवताना दुसऱ्याचे ऐकावे लागते, आणि सुपरक्रिटिकल दाब, रीहीट, फीडवॉटर हीटर या सगळ्या सुधारणा उष्णता घेण्याचे सरासरी तापमान वर नेण्यासाठीच आहेत.

दुसऱ्या नियमाला मध्यभागी आणण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले आहेत, आणि त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. काराथिओडोरी या ग्रीक गणितज्ञाने १९०९ मध्ये इंजिनांचा उल्लेखही न करता, एखाद्या अवस्थेच्या अगदी जवळच्या काही अवस्था उष्णतारोधक मार्गाने गाठताच येत नाहीत, एवढ्या विधानावरून एन्ट्रॉपीचे अस्तित्व सिद्ध केले. त्याने उष्णतेची व्याख्याही स्वच्छ केली: अंतर्गत ऊर्जेतला बदल उष्णतारोधक कार्याने मोजायचा, आणि प्रत्यक्ष प्रक्रियेत कार्याने जे भरून निघत नाही ते म्हणजे उष्णता. तर्काच्या दृष्टीने ही वाट सुंदर आहे, पण दुसऱ्या वर्षाच्या अभियंत्याला त्यातले गणित जड जाते. हर्बर्ट कॅलन यांनी १९६० च्या पुस्तकात एन्ट्रॉपी हे गृहीतकच मानून सुरुवात केली. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ते पुस्तक प्रिय आहे, पण टर्बाइन त्यात फारसे भेटत नाही. मला अभियंत्यांसाठी सर्वांत योग्य वाटते ती जोसेफ कीनन यांची १९४१ च्या पुस्तकातली वाट. तिच्यात उपलब्धता, म्हणजे परिसराशी समतोलात येईपर्यंत मिळू शकणारे कमाल कार्य, हा मुख्य धागा आहे. झोरान रांट यांनी १९५० च्या दशकात या राशीला एक्सर्जी हे नाव दिले आणि ते रूढ झाले. एन्ट्रॉपी अमूर्त वाटते, पण गमावलेले किलोज्यूल कोणालाही कळतात आणि त्यांची किंमत रुपयांत काढता येते.

याविरुद्धचा पहिला आक्षेप शिक्षकांकडून येतो: दुसरा नियम अवघड आहे, आधी सोपे शिकवा. अवघडपणा खरा आहे, पण तो बराचसा उशिरामुळे येतो. सेमिस्टरच्या शेवटी क्लॉसियसची असमता, एन्ट्रॉपीची सूत्रे आणि मॉलियेचा आलेख एकदमच अंगावर आले की विद्यार्थी सूत्रे पाठ करण्याचा मार्ग धरतो. तापमानातल्या फरकाने उष्णता वाहताना काहीतरी परत न येणारे घडते, एवढे विधान पहिल्या आठवड्यात करायला कोणतेही गणित लागत नाही. नंतर प्रत्येक न्यूमेरिकलमध्ये ते पुन्हा भेटत राहिले तर गणित येईपर्यंत ते अंगवळणी पडलेले असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रिव्हर्सिबल प्रक्रिया प्रत्यक्षात नसतेच. ती घडवायची तर अनंत सावकाश घडवावी लागेल, आणि कार्नोच्या इंजिनाकडून मिळणारी शक्ती शून्य असेल. मग त्या मर्यादेचा अभियंत्याला उपयोग काय? १९७५ मध्ये कर्झन आणि अहलबोर्न यांनी हाच मुद्दा घेऊन, कमाल शक्ती देणाऱ्या इंजिनाची कार्यक्षमता तापमानांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावरून काढली. त्यांच्या निबंधात इंग्लंडमधल्या वेस्ट थरॉकच्या कोळशाच्या वीजकेंद्राचे उदाहरण आहे: वाफ ५६५ अंशांची, गार बाजू २५ अंशांची. कार्नोची मर्यादा सुमारे ६४ टक्के, त्यांचे सूत्र ४० टक्के, प्रत्यक्ष ३६ टक्के. त्यांचे सूत्र वास्तवाच्या जवळ आहे हे मान्य. पण ते एका विशिष्ट प्रतिमानाचे उत्तर आहे, निसर्गाची मर्यादा नव्हे, आणि चांगल्या रचनेने ते ओलांडता येते. कार्नोची मर्यादा ओलांडता येत नाही. ६४ आणि ३६ यांच्यातली दरी कुठे कुठे निर्माण झाली हे जागा दाखवून सांगता येते ते एन्ट्रॉपीच्या हिशोबानेच. रिव्हर्सिबल प्रक्रियेचा उपयोग मापाच्या पट्टीसारखा आहे, आणि त्या पट्टीवर शून्य कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय तोटा मोजता येत नाही.

तिसरा आक्षेप असा की एन्ट्रॉपी समजवायची तर रेणूंपासून सुरुवात करा, ती अव्यवस्थेचे माप आहे असे सांगा. बोल्ट्झमनचे काम महान आहे यात वाद नाही. एखादी अवस्था किती सूक्ष्म रचनांनी साकार होऊ शकते हे मोजून एन्ट्रॉपी काढता येते, आणि परिपूर्ण स्फटिकाची एन्ट्रॉपी निरपेक्ष शून्याला शून्य का, हा तिसरा नियमही त्या वाटेनेच नीट उलगडतो. पण ‘अव्यवस्था’ हा शब्द तेवढा सुटा दिला तर विद्यार्थ्याच्या मनात पसरलेल्या खोलीचे चित्र उभे राहते आणि स्टीम टेबलमधल्या किलोज्यूल प्रतिकेल्विन या एककाशी त्याचा काहीही संबंध लागत नाही. व्हॉल्व्हमधून वाफ गेल्यावर किती कार्य गेले हे त्या चित्रावरून निघत नाही. अभियंत्याने आधी स्थूल व्याख्या हाताखालून घालावी, रेणू नंतर घ्यावेत.

चौथा आक्षेप नव्या पिढीचा आहे: गुणधर्म आता सॉफ्टवेअर देते, सायकलची कार्यक्षमता एका क्लिकवर निघते, मग एवढी संकल्पनांची चर्चा कशाला? सॉफ्टवेअर स्टीम टेबल वाचण्याचे कष्ट वाचवते, आणि ते वाचावेतच. पण सीमा कुठे आखायची, परिसराचे तापमान कोणते धरायचे, येणाऱ्या ऊर्जेला कार्य म्हणायचे की उष्णता, हे ते ठरवत नाही. टर्बाइनच्या बाहेर पडणारी एन्ट्रॉपी आत जाणाऱ्यापेक्षा कमी दाखवणारी आकडेमोड ऊर्जेच्या ताळेबंदात बिनचूक बसू शकते. ती अशक्य आहे हे ओळखणारा माणूस लागतो. दरवर्षी नव्या नावाने येणाऱ्या, पाण्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या आणि स्वतःच वीज पुरवणाऱ्या जनरेटरच्या दाव्यांनाही तोच रोखू शकतो.

म्हणून विद्यार्थ्यांना एक विनंती आहे, आणि शिक्षकांनाही. अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहू नका, पुस्तकही तेच राहू द्या. पुढचे कोणतेही न्यूमेरिकल सोडवताना, मग ते नोझलचे असो, हीट एक्स्चेंजरचे असो की एसीच्या कॅपिलरी ट्यूबचे, आधी सीमा आखा, ऊर्जेचा ताळेबंद जुळवा आणि उत्तराखाली एक ओळ वाढवा: निर्माण झालेली एन्ट्रॉपी किती, आणि परिसराच्या तापमानाने गुणल्यावर गमावलेले कार्य किती किलोज्यूल. हा आकडा ऋण आला तर उत्तर चुकले आहे, पुन्हा तपासा. तो मोठा आला तर ते यंत्र सुधारायला कुठून सुरुवात करायची हे तुम्हाला सापडले आहे.